विचारल्याशिवाय आकडा टाकायचा नाही

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आमचे साहेब, व्यासपीठावर बसलेले आमच्या प्रशिक्षण वर्गाचे सर, या इमारतीच्या मालकीणबाई, ज्यांच्यासाठी आपण सगळे जमलो आहोत त्या आजच्या सत्कारमूर्ती, म्हणजे आज निवृत्त होणाऱ्या आमच्या बाई, समोर बसलेले माझे सहकारी, आणि तळमजल्यापासून वरपर्यंतचे सगळे भाडेकरू, ज्यांच्यापैकी दातांच्या डॉक्टरांनी आजच्यासाठी स्वतःच्या दवाखान्यातल्या खुर्च्या दिल्या आहेत, या सर्वांना माझा नमस्कार.

साहेबांनी मला सांगितलं, "दोन शब्द बोल." मी भाषण लिहून आणलं आहे आणि ते दोन शब्दांपेक्षा बरंच मोठं झालं आहे. आमचे मोजणीवाले दादा मघाशी कागदांची जाडी बघून म्हणाले, "अरे, हे भाषण आहे की भाडेकरार?" दादा, मला दुसरं काही लिहिता येत नाही. या ऑफिसात मी भाडेकरार टाइप करायलाच आलो होतो. तेवढं एक काम मला नीट जमायचं.

पाहुण्यांसाठी थोडं सांगतो. आमची संस्था इमारतींची किंमत ठरवते. राहत्या घरांची नाही, तर दुकानं, ऑफिसं, गोदामं अशा भाड्याने दिलेल्या इमारतींची. अशा इमारतीची किंमत विटांवर ठरत नाही. तिच्यात कोण भाडेकरू आहेत, ते किती भाडं देतात, आणि पुढची काही वर्षं ते राहतील का, यावर ठरते. ही किंमत बाई वर्षानुवर्षं कागद, कॅल्क्युलेटर आणि नजर यांच्या जोरावर काढत आल्या. इमारतीच्या जिन्यात उभ्या राहिल्या की नुसत्या कठड्याला हात लावून सांगायच्या, "मालक लक्ष देतो इथे." किंवा, "नाही देत."

मग ते सॉफ्टवेअर आलं.

तुमच्यापैकी ज्यांनी ते पाहिलेलं नाही ते सुखी आहेत. त्यात आधी इमारत भरायची. मग एकेक भाडेकरू भरायचा: त्याची जागा, त्याचं भाडं, त्याची मुदत. मग खर्च, कर, डागडुजी. सगळं बरोबर भरलं की ते पुढच्या दहा वर्षांचं उत्पन्न मांडून दाखवतं आणि त्यावरून आजची किंमत सांगतं. एक रकाना चुकला तर तेही न कुरकुरता चुकीची किंमत सांगतं. माणूस निदान भुवया तरी उंचावतो.

गेल्या वर्षी नियम झाला की ज्यांच्याकडे या सॉफ्टवेअरचं प्रमाणपत्र आहे त्यांनीच यापुढे किमतीचं काम करायचं. आणि करार टाइप करायचं काम? ते यंत्र करणार, कागद नुसता काचेवर ठेवायचा. साहेबांनी मला आत बोलावून चहा दिला, तेव्हाच मी ओळखलं. ते म्हणाले, "प्रमाणपत्र मिळव, तुझी जागा पक्की. नाही मिळालं तर..." पुढचं वाक्य त्यांनी चहाबरोबर गिळलं. साहेब, तुमचा स्वभाव मऊ आहे, म्हणून ते वाक्य मी घरी जाऊन स्वतःच पूर्ण केलं.

माझं शिक्षण बारावीपर्यंतही नाही. वर्गातले बाकीचे सगळे पदवीवाले. त्यात सरांचा नियम असा की वर्ग जोडीने करायचा. एका संगणकावर दोघं, एकाने भरायचं, दुसऱ्याने तपासायचं. पहिल्याच दिवशी जोड्या पडल्या आणि मी एकटा उरलो. मी कुणाला दोष देत नाही. प्रत्येक भाडेकरूचं नाव पुन्हा पुन्हा तपासणाऱ्या माणसाबरोबर कोण बसेल?

तेवढ्यात दार ढकलून बाई आत आल्या. त्यांना निवृत्तीला वर्षसुद्धा नव्हतं. त्यांना या प्रमाणपत्राचा काय उपयोग होता? दादांनी तोंडावर विचारलं, "बाई, ते प्रमाणपत्र काय स्वयंपाकघरात लावणार?"

"हो, डब्यांच्या वर," बाई म्हणाल्या. "तुझं कुठे लावायचं ते तू बघ. आधी मिळव." आणि माझ्या शेजारची खुर्ची ओढून बसल्या. मी नंतर एकदा विचारलं, की बाई, तुम्ही का आलात? म्हणाल्या, "दुपारी झोप येते रे. त्यापेक्षा हे बरं." यापलीकडे त्या या विषयावर आजवर बोललेल्या नाहीत, म्हणून मीही बोलत नाही.

दर बुधवारी दुपारी, जिथे प्रिंटर ठेवला आहे त्या छोट्या खोलीत आमचा सराव चालायचा. बाई माउस असा धरायच्या की जणू तो पळून जाईल. मी म्हणायचो, "बाई, हलका धरा." त्या म्हणायच्या, "आणि सुटला तर तू आणणार आहेस का शोधून?"

सरावासाठी आम्ही, आमचं ऑफिस आहे ती हीच इमारत घेतली. मालकीणबाईंनी करार बघायला दिले, त्यांचे आभार. आणि इथेच आमची गाडी अडली.

त्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक भाडेकरूच्या नावापुढे एक रकाना असतो. मुदत संपल्यावर हा भाडेकरू राहण्याची शक्यता किती टक्के? मी सगळ्यांपुढे शून्य टाकलं. बाईंनी सगळ्यांपुढे शंभर टाकलं. इमारत तीच, करार तेच. माझ्या आकड्यांनी पडद्यावर चार वर्षांत सगळी इमारत ओस पडली. बाईंच्या आकड्यांनी दहा वर्षांत एक खिळासुद्धा हलला नाही.

"अरे, तू या सगळ्या लोकांना घालवतोस कुठे?" बाई म्हणाल्या. "शिंपीकाका जातील? अरे, ते म्हणजे या इमारतीचा पाया आहेत!"

"मुदत संपली की जावं लागतं, बाई."

"कोण म्हणतं?"

कोण म्हणतं, याचं उत्तर आज देतो. आम्ही लहानपणापासून भाड्याच्या घरांत राहिलो. माझे बाबा लिफ्ट दुरुस्त करतात, काम जाईल तिकडे घर जायचं. मुदत संपायच्या आधीच आई भांडी आवरायला घ्यायची. मालकाला राहू द्याल का असं आम्ही कधी विचारलं नाही. नाही म्हणाला तर काय, या भीतीने आधीच निघायचो. आमच्या मिक्सरचं खोकं आईने कधी टाकलं नाही. प्रत्येक घरात ते माळ्यावर असायचं. भिंतीला खिळा ठोकायची तर आम्हाला सवयच नाही. तर अशा घरातल्या मुलाने त्या रकान्यात दुसरं काय टाकावं? मला वाटायचं, शून्य म्हणजे सावधपणा. शून्य टाकलं की कुणी आपल्याला फसवू शकत नाही. ऑफिसात माझं नाव शून्यराव पडलं. दादा, ते कुणी पाडलं ते मी इथे सांगत नाही. तुम्हीच मान खाली घातलीत.

पहिली परीक्षा झाली. आम्ही दोघंही नापास. सरांनी आमच्या निकालावर शेरे लिहिले होते. माझ्या निकालावर: 'नावं, तारखा निर्दोष. इमारत रिकामी. पेपर अपुरा.' बाईंच्या निकालावर: 'या इमारतीत कुणी कधी हलतच नाही का?'

मी सरांना जाऊन म्हणालो, "सर, मी तर कमीच धरलं. कमी धरण्यात काय बिघडलं?"

सरांनी चष्मा काढला. म्हणाले, "उद्या मालकाला इमारतीची डागडुजी करायची आहे, तो बँकेत गेला. तुझ्या आकड्यावरून बँक म्हणाली, ही इमारत मोडीत निघाल्यात जमा आहे, पैसे मिळणार नाहीत. डागडुजी झाली नाही. मग भाडेकरू खरंच गेले. घाबरून लावलेली किंमतसुद्धा चुकीचीच असते, बाळ."

मी जिन्यात येऊन बसलो. संस्था फक्त आणखी एकदा परीक्षेला बसवणार होती. साहेबांच्या त्या गिळलेल्या वाक्याची चव मला तेव्हा खरी कळली. घरी अजून काही बोललो नव्हतो, पण आईने माझं तोंड बघून माळ्याकडे बघितलं होतं. ते खोकं अजून तिथे आहे ना, एवढंच.

बाई जिना उतरून आल्या. माझ्या शेजारी बसल्या नाहीत, त्यांचे गुडघे दुखतात. उभ्यानेच म्हणाल्या, "तू भीतीने आकडा टाकतोस. मी मायेने टाकते. दोघांनी मिळून एकालाही विचारलेलं नाही. ऊठ."

"कुठे?"

"विचारायला. लोक खालीच तर बसलेत."

मित्रहो, मला दार वाजवायला सांगितलं की घाम फुटतो. करार समोर ठेवला तर शब्द न् शब्द वाचीन, पण माणसाला सरळ विचारायचं, 'तुम्ही राहणार का?' हा प्रश्न आमच्या घरात तोंडातून निघत नसे. बाईंनी मला पुढे केलं आणि स्वतः मागे राहिल्या.

आधी शिंपीकाका. ते आज आले आहेत, तिकडे खांबाजवळ. मी विचारलं, "काका, मुदत संपली की राहणार ना?" काकांनी शिलाईचं मशीन थांबवलं, गळ्यातली टेप काढून घडी केली आणि माझ्याऐवजी बाईंकडे बघितलं.

"बाई, तुम्हाला कसं सांगू म्हणून राहिलं. पोरीने पुलापलीकडे दुकान घेतलंय. म्हणते, दोन्ही मशीनं एका छपराखाली आणू."

बाईंचा चेहरा पडला. "आणि मला सांगितलं नाहीत?"

"तुम्ही विचारलंत कधी? जो येईल त्याला सांगता, काका म्हणजे इमारतीचा पाया. आता पायाला कोण विचारतं, राहणार का म्हणून!"

त्यावर बाई इतक्या मोठ्याने हसल्या की शेजारचा बेकरीवाला बाहेर येऊन बघू लागला.

नंतर दातांच्या डॉक्टर. यांच्यापुढे तर मी शून्य टाकून वर अधोरेखित केलं असतं, तशी सोय असती तर. कारण डॉक्टरबाईंची रोज एक तक्रार असते. लिफ्ट अडकते, पाणी कमी येतं, पाटीवरचा दिवा गेला. मी चाचरत विचारलं. हातातलं अवजार तसंच धरून त्या म्हणाल्या, "मी जाणार असं कोण म्हणालं?"

"नाही, म्हणजे, तुमच्या तक्रारी..."

"अरे, जाणारा माणूस तक्रार करत बसतो का? तो मुकाट्याने सामान बांधतो. मला इथे राहायचंय म्हणून मी भांडते. ती खुर्ची बघ, परवाच फरशीत बोल्टने आवळून घेतली. उचलून दाखव."

खुर्चीवरचा पेशंट तोंड उघडं ठेवून आमच्याकडे बघत होता, त्यामुळे मी उचलून बघितली नाही. पण ते वाक्य माझ्याबरोबर घरी आलं. जाणारा माणूस मुकाट्याने सामान बांधतो. आमच्या घरात कधी कुणी तक्रार केली नव्हती. नळ गळला तरी आम्ही खाली बादली ठेवायचो.

मग पहिल्या मजल्यावरचे गाडी शिकवणारे उस्ताद. त्यांनी डोकं खाजवलं, खिडकीतून खाली बघितलं. म्हणाले, "अर्धं मन आहे, अर्धं नाही. गाड्या लावायला जागा मिळाली तर राहीन." बाईंनी मला कोपराने ढोसलं, "बघ, हे पन्नास टक्के. शून्य आणि शंभरच्या मध्ये केवढी वस्ती आहे!"

त्या संध्याकाळी आम्ही प्रिंटरच्या खोलीत बसून सगळी इमारत पुन्हा भरली. पाया निघून गेला, तक्रारवाल्या राहिल्या, उस्ताद मधेच लटकले. जी किंमत आली ती बाईंच्या किमतीहून कमी होती आणि माझ्याहून पुष्कळ जास्त. बाई म्हणाल्या, "ही खरी दिसते. माणसांसारखी दिसते." आणि मग त्यांनी मला एकच नियम घालून दिला, जो मी आज भाषणाच्या वर लिहिला आहे: विचारल्याशिवाय आकडा टाकायचा नाही.

आता तुम्ही म्हणाल, परीक्षेत कुणाला विचारणार? तिथे तर इमारत कागदावरची. मलाही हीच धास्ती होती. पण दुसऱ्या परीक्षेला बसलो आणि पाहिलं तर प्रत्येक भाडेकरूबद्दल दोन ओळी दिलेल्या होत्या. त्या पहिल्या वेळीही होत्या, पण मी त्यातले फक्त आकडे उचलले होते. एका व्यायामशाळेने नुकतीच स्वतःच्या खर्चाने फरशी नवी बसवली होती. मी मनात विचारलं, 'राहणार का?' खर्च करणारा माणूस राहतो. एका औषधविक्रेत्याने लिफ्टबद्दल मालकाला कितीदा तरी पत्रं पाठवली होती. मला हसूच आलं. डॉक्टरबाई, तुमच्या जिवावर मी त्याला भरभक्कम टक्के दिले. नावं एकदाच तपासली. या वेळी पेपर पुरा झाला.

निकाल आला, त्यात मी पास होतो. माझी जागा पक्की झाली, हे साहेबांनी या वेळी चहाशिवाय, सगळ्यांसमोर सांगितलं.

आणि बाई?

बाई पुन्हा नापास झाल्या. हे मी त्यांना विचारूनच सांगतो आहे. त्या म्हणाल्या, "सांग खुशाल. मी काय चोरी केली आहे?" झालं असं, की त्या परीक्षेतल्या इमारतीत एक म्हातारा पुस्तकविक्रेता होता. दोन ओळींत स्पष्ट लिहिलं होतं की तो दुकान बंद करण्याच्या विचारात आहे. बाईंना सगळं कळलं होतं. तरी त्यांनी शंभर टाकले. सरांनी कारण विचारलं तर म्हणाल्या, "विचारात आहे म्हणजे अजून गेला नाही. मी काही त्याला दाराबाहेर काढणार नाही." सर, आपण व्यासपीठावर आहात, हसा, पण एवढ्या मोठ्याने नको.

सभ्यहो, उद्यापासून बाई ऑफिसात नाहीत. त्यांच्या खिडकीजवळच्या टेबलावर मी बसायचं असं ठरलं आहे. मी साहेबांना म्हणालो होतो, निदान महिनाभर ते टेबल रिकामं ठेवू या. बाईंनी ऐकलं आणि मला फटकारलं. "जागा रिकामी ठेवून कुणाचा मान वाढत नाही, नुसती धूळ बसते. तू बस. आणि तिथे उजेड कमी आहे, त्याचं बघ." इतकी वर्षं कमी उजेडात त्या बसल्या आणि एक शब्द बोलल्या नाहीत. बाई, तुम्हीसुद्धा डॉक्टरबाईंकडून थोडं शिकायला हवं होतं.

म्हणून आमच्या घरातर्फे बाईंसाठी एक लहानशी भेट आहे. खोक्यावर मिक्सरचं चित्र आहे, पण आत मिक्सर नाही. हे तेच माळ्यावरचं खोकं. मी पास झालो त्या दिवशी आईने ते खाली काढलं, पुसलं आणि म्हणाली, "आता हे आपल्याला कशाला? यात बाईंना काहीतरी दे." आत टेबलावरचा दिवा आहे. तो बाबांनी बनवला आहे. त्याला जुन्या लिफ्टचं बटण बसवलं आहे. दिवा लावायचा असेल तर 'वर' दाबायचं. विझवायला काय दाबायचं हे बाबांनी मुद्दाम सोपं ठेवलेलं नाही. घरी अभ्यास करताना उजेड लागेलच, कारण बाईंनी तिसऱ्यांदा परीक्षेला बसायचं ठरवलं आहे, आणि या वेळी स्वतःच्या खर्चाने. डब्यांच्या वरची जागा त्यांनी खरंच मोकळी केली आहे, असं त्यांच्या सुनेकडून कळतं.

आता शेवटचं. वर्गाचा नियम जोडीने करायचा असा आहे. माझी परीक्षा झाली, पण जोडी मोडल्याचं मला कुणी कळवलेलं नाही. बुधवारी दुपारी प्रिंटरची खोली अजून मोकळीच असते. काल मी कागदावर बाईंचं नाव लिहिलं. पुढे लिहिलं, 'मुदत संपल्यावर परत येण्याची शक्यता'. पूर्वीचा मी असतो तर शून्य टाकून, चेहरा कोरडा ठेवून, दोन शब्द बोलून खाली बसलो असतो. काल माझा हात शून्याकडे गेला नाही. पण दुसरा आकडाही टाकला नाही, कारण नियम तुमचाच आहे. म्हणून, बाई, इथे सगळ्यांसमोर विचारतो. बुधवारी येणार ना?

काय म्हणालात? जरा मोठ्याने, मागे ऐकू जात नाही.

बाई म्हणताहेत, "शंभर टाक."

बाई, शंभर टाकायचं नसतं. म्हणूनच तर नापास होता. मी नव्वद टाकतो. उरलेले दहा तुमच्या गुडघ्यांसाठी ठेवले आहेत, आणि बाबा या महिन्यात लिफ्ट दुरुस्त करून देणार आहेत, तेव्हा तेही कमी होतील.

अध्यक्षांनी मला बोलू दिलं, सरांनी मला दोनदा तपासलं, मालकीणबाईंनी इमारत दिली, आणि आपण सगळ्यांनी माझ्यासारख्या घाबरट माणसाने दार वाजवल्यावर ते उघडलं, याबद्दल मनापासून आभार. लिहिण्यातल्या चुका मी तपासल्या आहेत. बोलण्यातल्या राहिल्या असतील, त्या मोठ्या मनाने पोटात घाला. मोठ्यांच्या बाबतीत काही अधिक-उणं बोललो असेन तर माझं वय बघून सोडून द्या.

बाई, बुधवारी दुपारी. तुमच्या बाजूची खुर्ची ओढून ठेवतो.

नमस्कार.